बिघडलेली बाटली

तिला सगळे कोठीताई म्हणायचे, कारण हवेची कोठी तिच्या ताब्यात होती. आता तुम्ही म्हणाल, हवेला कसली आलीय कोठी? ती काय धान्य आहे, साठवून ठेवायला? पण होती खरी. प्रयोगशाळेच्या तळघरात एक लांबोडकी खोली, तिच्यात छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर जाड काचेच्या बाटल्या. प्रत्येकीत कुठल्यातरी जुन्या दिवसाची हवा. नवा माणूस आला की हमखास विचारायचा, "ताई, रिकाम्या बाटल्या राखायचा पगार मिळतो होय तुम्हाला?" आपणच हा विनोद पहिल्यांदा केला असं प्रत्येकाला वाटायचं. कोठीताई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हात लावू नका."

तिचे बाबा या बाटल्या भरायचे. समुद्रात घुसलेल्या एका कड्यावर, वस्तीपासून लांब, हवामानाचं ठाणं होतं. वारा समुद्राकडून सुटला की बाबा बाटली घेऊन कड्याच्या टोकाला जायचे. बाटलीतली हवा आधीच उपसून काढलेली असायची. छातीभर श्वास घ्यायचा, तो कोंडायचा, वाऱ्याकडे तोंड करून बाटली डोक्यावर धरायची आणि तोटी उघडायची. सूंऽ करून हवा आत शिरायची. तोटी घट्ट बंद झाल्याशिवाय श्वास सोडायचा नाही. माणसाच्या एका उच्छ्वासात इतका कार्बन डायऑक्साइड असतो, की बाटलीत त्यातला थोडा जरी गेला तरी सगळं मोजमाप बोंबलतं.

एकदा हट्ट करून कोठीताई त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा ती अजून शाळेतही जात नव्हती. बाबांनी बजावलं, "मी धरला की तूही श्वास धर. अजिबात सोडायचा नाही." पोरीने ते फारच मनावर घेतलं. गाल टम्म फुगवले, डोळे वटारले, कान लाललाल. बाबांनी तोटी उघडली, आणि नको तेव्हा त्यांची नजर तिच्याकडे गेली. झालं. ते फस्सकन हसले. त्यांना हसताना बघून तीही हसली. वारा तेवढ्यात पडला होता, ती बाबांच्या पायाशी, आणि बाटलीचं तोंड सताड उघडं.

त्या खेपेची ती शेवटची बाटली होती. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता, कोणाला काय कळणार होतं? पण बाबांच्या पोटात काही राहायचं नाही. त्यांनी चिठ्ठी चिकटवली, "बिघडली. श्वास गेला." आणि दिली प्रयोगशाळेत पाठवून.

पुढे कोठीताई नोकरीला लागली आणि कोठीत तशीच पडून राहिलेली ही बाटली तिच्या हाती आली. नियमाप्रमाणे बिघडलेली बाटली धुवून पुन्हा वापरायची असते. तिने ती धुतली नाही. सगळ्यात खालच्या फळीवर, मागे सारून ठेवली. मग बाबा गेले. त्यांचे फोटो होते, चष्मा होता, पण हसणं कुठेच उरलं नव्हतं. ते होतं फक्त त्या बाटलीत. कधीकधी जेवणाच्या सुट्टीत ती खालच्या फळीपाशी स्टूल ओढून बसायची. बाबांची आठवण तिला आतून पोखरायची, आणि तिथे बसलं की जरा बरं वाटायचं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि एके दिवशी वरच्या मजल्यावरून मोजणीवाली खाली आली. वयाने लहान, कामाला वाघीण. तिला हवेत एक वायू सापडला होता. थंडावा देणाऱ्या यंत्रांमध्ये भरतात तो. हवेत गेला की उष्णता धरून ठेवतो आणि पिढ्यान्‌पिढ्या हटत नाही.

"कारखानदार हात वर करतायत," ती म्हणाली. "म्हणे हा वायू जमिनीतून आपोआप निघतो, पूर्वीपासून आहेच. हे खोटं ठरवायचं तर कारखाने निघायच्या आधीची हवा हवी. त्या काळातली एखादी बाटली उरलीय का हो?"

चांगल्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. वर्षानुवर्षं जो तो येऊन थोडीथोडी मोजून गेला होता. बिघडलेलीला तेवढं कोणी विचारलं नव्हतं.

"बघून सांगते," ती म्हणाली. बघायचं काय होतं, कपाळ?

घरी जाऊन तिने आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आई म्हणाली, "बाटलीत भरून ठेवायला तुझे बाबा काय औषध होते? ती हवा मोजायला भरली होती त्यांनी. बिघडली म्हणून किती दिवस हळहळत होते, तुला माहीत नाही. देऊन टाक." आणि नाक ओढत तिने फोन ठेवला.

सकाळी कोठीताईने बाटली मोजणीवालीच्या टेबलावर ठेवली. "एक आहे. पण हिच्यात श्वास गेलाय."

"जाऊ दे की. श्वासाने कार्बन डायऑक्साइडचा आकडा बिघडतो. हा वायू काही फुफ्फुसात तयार होत नाही." तिने चिठ्ठी वाचली. "कोणाचा श्वास?"

"बाबांचा. आणि माझा."

मोजणीवालीने बाटलीवरचा हात काढून घेतला. "ताई, सगळी लागेल. हा वायू म्हणजे लाख कोटी कणांत दोन-तीन कण. थोडी मागे ठेवता येणार नाही."

"लाव," कोठीताई म्हणाली.

यंत्र सुरू झालं. आधी नेहमीच्या शिरस्त्याने कार्बन डायऑक्साइड. पडद्यावरची रेघ उठली, चढली, चढतच गेली आणि वरच्या कडेतून बाहेर पडली. कोठीताई बघतच राहिली. इतकी वर्षं काचेआड गप्प बसलेलं हसणं तिच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं होतं.

मग दुसरी रेघ. ताज्या हवेत त्या वायूचं छोटंसं टेंगूळ येई, ते मोजणीवालीने आधी दाखवलं होतं. इथे काहीच आलं नाही. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट.

"नव्हता," मोजणीवाली हळूच म्हणाली. "ताई, तेव्हा हा नव्हता. आपोआप निघतो म्हणे." ती खुर्चीत मागे टेकली. "तुम्ही दोघं ज्या हवेत हसलात ना, तशी आता कुठेच नाही. डोंगरावर नाही, भर समुद्रात नाही. राजालाही मिळायची नाही. होती ती एवढी बाटलीभर."

कोठीताई ज्या हवेत वाढली ती जगातून संपली होती, आणि कुणाला पत्ताही लागला नव्हता. बाबा हसले नसते तर ही बाटलीही केव्हाच संपली असती.

"खात्रीसाठी आणखी एकदा लावते," मोजणीवाली म्हणाली. "मग बाटली रिकामी."

"मोजून झालेली हवा कुठे जाते?"

"तो वायू असला तर तेवढा अडकून राहतो. बाकीची त्या नळीने खिडकीबाहेर."

कोठीताई जिना उतरून मागच्या दाराने बाहेर आली. कचऱ्याचे डबे, भिंतीला टेकवलेल्या सायकली, आणि खिडकीतून लोंबणारी बोटाएवढी नळी. आत यंत्र घुरघुरायला लागलं होतं. जन्मभर ती बाटलीच्या तोंडापाशी श्वास धरून उभी राहिली होती. बाबांनीच शिकवलं होतं. आज ती नळीखाली गेली, मान वर केली आणि छातीभर श्वास घेतला.

वास नव्हता, चव नव्हती. तिने तो सोडला नाही. गाल टम्म फुगवले, डोळे वटारले, आणि कान लाल होईपर्यंत धरून ठेवला. मग तिला हसू फुटलं.