एका सालाचा माणूस

देवराव मेश्रामच्या डोक्यात त्या आठवड्यात भिंतीवरचं एक घड्याळ शिरलं होतं, आणि ते काही केल्या निघत नव्हतं.

घड्याळ त्याचं नव्हतं, त्याच्या साळ्याचं होतं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात वसंताच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली, म्हणून साहेबांनी त्याला पुढच्या खुर्चीत बसवलं, शाल दिली, नारळ दिला आणि वर हे घड्याळ दिलं. देवराव मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि मनात हिशेब करत होता. गोपाळराव पाटलाच्या वावरात सालदार म्हणून त्याची स्वतःची एकोणतीस वर्षं भरत आली होती.

"पंचवीस वर्षाले घड्याळ भेटते, तं एकोणतीसले काय वं?" घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं.

"कंबरदुखी," तुळसाबाई भाकर थापता थापता म्हणाली. "अर्धं गाव माह्या हातानं जलमलं. मले देल्लं का कोणं घड्याळ?"

"तुले कागद तरी भेटाले पायजे होता."

"माहे कागद गावात पायानं चालून राहिले. तू जेव आता."

पण जेवण गोड लागेना. कारण वसंतानं जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवली होती. वीज केंद्राच्या कॉलनीत बगिच्याला माळी पाहिजे होता. "साहेब चांगला हाय, भाऊजी. पण तुमचं वय पाहून कुरकुर करन. मालकाकडून कागद आणा, किती वर्षं वावरात काम केलं त्याचा. पाडव्याच्या आत."

पाडव्याच्या आत, हे देवरावला वेगळं सांगायची गरज नव्हती. सालदाराचं साल पाडव्याला संपतं. त्या सकाळी तो बैल हाकायची आरीची काठी, म्हणजे तुतारी, मालकाच्या हाती देतो, आणि मालकानं पानसुपारीसोबत ती परत दिली की गडी पुढच्या पाडव्यापर्यंत बांधला जातो. देवरावनं अठ्ठावीस वेळा तुतारी दिली होती आणि अठ्ठावीस वेळा परत घेतली होती. आता पन्नाशी उलटली. पुढच्या पाडव्याला त्याला कोण माळी ठेवणार होतं?

दुसऱ्या दिवशी त्यानं बैलांना दोनदा पाणी दाखवलं, गुरांचा कोठा तीनदा झाडला, आणि शेवटी धीर करून पाटलाच्या छपरीत जाऊन उभा राहिला. गोपाळराव झोपाळ्यावर होते. बाजूला त्यांचा मुलगा रविंद्र पेपर वाचत बसला होता. तो धरमपेठेत एका वकिलाकडे कारकुनी करायचा आणि सुट्टीला गावी आला की साऱ्या गावाला कायदा शिकवायचा.

"कागद ना? देतो नं गा," गोपाळराव म्हणाले आणि त्यांनी पेन काढलं. माणूस तसा वाईट नव्हता.

"बाबा," रविंद्र पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "एकोणतीस लिहून द्याल, तं उद्या हा कूळ म्हणून कचेरीत उभा राहीन. वावर जाईन हातचं."

पेन थांबलं. गोपाळरावांनी देवरावकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

"मले तुमचं वावर कशाले पायजे, मालक?" देवराव म्हणाला. "मले माहे वर्षं पायजे."

"आता असं पाय, देवराव. तू दर पाडव्याले नवा बांधल्या जातं. मंग एका बांधणीचं एकच साल झालं ना?" आणि त्यांनी लिहून दिलं: देवराव मेश्राम यांनी माझ्याकडे एक वर्ष काम केले. खाली सही.

देवरावला वाचता येत होतं. दीक्षेनंतर विहारात बसून तो अक्षरं शिकला होता, आणि त्या शिकण्याचा त्याला आज पहिल्यांदा राग आला. माणसाची एकोणतीस वर्षं एका बोटभर ओळीत बुडवायची, म्हणजे हद्द झाली. तरी त्यानं कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि बैल सोडायला निघून गेला.

पाडवा दोन दिवसांवर असताना वावराची मोजणी आली. शेजारच्या गणपतरावानं दोन वावरांमधला बांध, म्हणजे धुरा, कोरत कोरत पाटलाचं चांगलं अर्धा एकर रान आत घेतलं होतं. मोजणीदार साखळी घेऊन आला, पटवारी आला, गावचे दोन पंच आले. नकाशात कोपऱ्यावर शिवेचा दगड होता, वावरात नव्हता. दोन ठिकाणी खोदून पाहिलं. नुसती काळी माती निघाली. उन्हानं सगळ्यांचे जीव कासावीस झाले.

"दगड नाई, तं आता धुरा हाय तोच खरा," गणपतराव मिशीत हसत म्हणाला.

"देवरावले बलवा," गोपाळराव म्हणाले.

देवराव आला. पटवाऱ्यानं पंचनाम्याचा कागद मांडीवर घेतला. "दगड मंग दाखव. आधी सांग, या वावरात किती वर्षापासून हायेस?"

देवरावनं खिशात हात घातला. "एक वर्ष, साहेब. हे पाहा, मालकाच्याच हातचं हाय."

गणपतराव खुलला. "लिहून घ्या पटवारीबुवा. एका सालाच्या माणसाले जुना दगड काय माहीत?"

गोपाळराव दोन पावलं पुढं आले. "देवराव, ही काय मस्करीची वेळ हाय का गा?"

"मी काहून मस्करी करू, मालक? तुमीच लिवलं."

हे बोलताना मजा येईल असं देवरावला वाटलं होतं. तशी आली नाही.

रविंद्रनं बापाची बाही ओढली. "बाबा, बोलू नका." पण अर्धा एकर डोळ्यांदेखत चाललं होतं. अडला हरी म्हणतात तो त्या दिवशी वावरात उभा होता.

"लिहा, पटवारीबुवा," गोपाळराव खालच्या आवाजात म्हणाले. "एकोणतीस वर्षं. माह्या बापाच्या काळापासून. एक दिवस खाडा नाई."

पटवाऱ्यानं लिहिलं, वाचून दाखवलं. गोपाळरावांनी सही केली, पंचांनी केली.

"नक्कल भेटन ना, साहेब?" देवरावनं विचारलं. पटवाऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिथंच धुऱ्यावर बसून नक्कल उतरवून दिली.

मग देवरावनं सब्बल उचलली. बाभळीच्या खोडापासून नाल्याकडे अकरा पावलं टाकली आणि खणायला लागला. "दीक्षेच्या साली पूर आला होता," तो खणता खणता म्हणाला. "गाळ चढला होता. म्हाताऱ्या पाटलानं अन् मी दोघानं हा दगड उभा केला. मंग वरून अजून दोन पूर गेले." गुडघाभर खोलीवर सब्बल टणकन वाजली. गणपतराव घरी निघून गेला.

पाडव्याच्या सकाळी देवरावनं रिवाजाप्रमाणे तुतारी मालकाच्या हाती दिली. गोपाळरावांनी तिच्यावर पानसुपारी ठेवली, यंदा नवं धोतरही ठेवलं, आणि हात पुढं केला.

"घे गा, देवराव."

देवरावनं हात पुढं केला नाही. "हे घेतलं तं तिसावं साल होईन, मालक, का पहिलंच?"

गोपाळरावांनी धोतराची घडी सरळ केली. आत रविंद्र गुढीला साखरेची माळ बांधत होता. देवराव उत्तर येईल म्हणून खरंच थांबला. मग त्यानं बंडीच्या खिशातली नक्कल चाचपली आणि पायऱ्या उतरला.

खापरखेड्याच्या वाटेला लागताना तो एकदाच वळला.

"पांढऱ्या बैलाले सकाळचं पाणी दाखवलं नाई मी," तो म्हणाला. "तेवढं कोणाले तरी सांगा."