मी सुटलो, जानकू राहिला

मी एक म्हातारा बैल आहे, मित्रांनो. चालताना माझे गुडघे वाजतात, कडबा चावत नाही, आणि येणारे-जाणारे पाहुणे ‘हा अजून कशाला ठेवलाय?’ असं माझ्या तोंडावर विचारतात. विचारू देत. मला सांगायचं आहे ते जानकूबद्दल.

माझा जन्म डिंगोऱ्याचा, सोपानरावांच्या गोठ्यातला. मी दूधपिता असतानाच माझी आई दगावली, म्हणून त्यांनी मला वरच्या डोंगरवाडीतल्या बायडाबाईकडे अर्धेलीने दिलं. अर्धेली म्हणजे धन्याचं वासरू दुसऱ्याने वाढवायचं आणि मोठं झालं की त्यात दोघांचा निम्मा वाटा. बायडाबाई विधवा, भात-नाचणीच्या दोन तुकड्यांवर जगणारी. जानकू तिचा एकुलता एक. तो स्वतःच्या वाटीतली पेज मला पाजायचा, माझ्या अंगावरचे गोचीड वेचत बसायचा. माझ्यातला धन्याचा निम्मा भाग कुठला नि आपला कुठला, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी मी सगळा त्याचाच होतो.

१९९७ च्या उन्हाळ्यात सोपानरावांनी मला खाली आणलं आणि टेम्पोत घालून बेल्ह्याच्या बाजाराला नेलं. अर्धेलीचं जनावर विकताना वाढवणाऱ्याला आधी सांगायचं, ही रीत. सोपानराव म्हणाले, नंतर सांगू. जानकूला कळलं तसा तो मागोमाग बेल्ह्याला आला. गर्दीत त्याने माझं दावं सोडलं आणि मला घेऊन घराच्या वाटेला लागला. तेरा वर्षांचं पोर, पण चाल अशी की जणू पोळ्याची मिरवणूकच! मीही मान ताठ करून चाललो होतो. पिंपरी पेंढारपर्यंत आमचं राज्य टिकलं. तिथे सोपानरावांनी आणि एका पोलिसाने मोटारसायकलवरून आम्हाला गाठलं.

“चोर कुठला! माजलास व्हय रं?” सोपानराव ओरडले.

“चोरला न्हाई मी. घरी नेतोय,” जानकू म्हणाला.

सोपानराव मनाने वाईट नव्हते. चौकीत दोन रट्टे देतील, पोरगं सुधारेल, असं त्यांना वाटलं. पण गुन्हा एकदा नोंदला गेला आणि तो मागे घेणं त्यांच्या हातात राहिलं नाही. जानकूला पुण्याच्या रिमांड होममध्ये धाडलं. मी चोरीचा माल, म्हणून पोलिसांच्या आवारात लिंबाला बांधलेला. आठवड्याच्या आत सोपानरावांनी लिहून दिलं की बोलवाल तेव्हा बैल हजर करीन, आणि मी सुटलो. मुकं जनावर घरी आलं आणि बोलणारं लेकरू कोंडलेलं राहिलं. हे मला अजून समजलेलं नाही. तुम्हाला समजत असेल तर सांगा.

तसं लेकरालाही असंच सोडता येत होतं. एके दिवशी पुण्याहून प्रोबेशनचे साहेब चौकशीला आले. बायडाबाई तेव्हा सोपानरावांच्या वावरात कांदा काढत होती. तिला बोलावून घेतलं आणि गोठ्यासमोरच खुर्ची टाकली. साहेब भला माणूस होता. आईने सांभाळायची हमी दिली तर पोराला घरीच ठेवू, अधूनमधून येऊन पाहून जाऊ, असं तो सोपानरावांशी बोललाही. मग त्याने बायडाबाईला विचारलं, “बाई, मुलगा ऐकतो का तुमचं?”

आता डोंगरातली रीत ऐका. मोठ्या माणसासमोर आपल्या लेकराचं कौतुक करायचं नाही. केलं तर दृष्ट लागते, शिवाय बाई शेखी मिरवते असं दिसतं. शाळेत घालतानाही आई मास्तरांना हेच सांगते की पोरगं द्वाड आहे, बडवा पण वळण लावा. बायडाबाईने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, “कशाचं ऐकतंय सायेब! लई वांड हाय. तुमीच ठिवा त्याला तुमच्याकडं. बडवा, पर मानसात आणा.”

साहेबाचा चेहरा पडला. मी दाव्याला हिसके दिले, हंबरलो. “याला पाणी दावा रं,” कोणीतरी म्हणालं. सोपानराव शेजारीच उभे होते. बाई असं का बोलते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण साहेबापुढे ते नुसती मान डोलवत राहिले, आणि नंदीबैल म्हणून नाव मात्र आमचं बदनाम!

आईलाच मुलगा नको, असा साहेबाचा समज झाला आणि बालन्यायालयात तेच सांगितलं गेलं. इकडे बायडाबाई वाट पाहत राहिली. भातलावणी झाली, दिवाळी झाली, तशी ती पुण्याला भेटीला गेली. तिथे स्वयंपाक करणाऱ्या कुशाबाईने तिला विचारलं, “अगं, तूच नको म्हनलीस ना? सांबाळते म्हनली असतीस तर कवाच घरी आला असता.”

परत आली ती थेट आमच्या अंगणात. सोपानरावांसमोर स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागली. “लई गुणाचं लेकरू हाय वो माझं! मी वाईट म्हनले ते रीतीनं म्हनले, मनानं न्हाई!”

सोपानराव तिला घेऊन पुण्याला खेटे घालू लागले. तो साहेब बदलून गेला होता. नवा साहेब म्हणे, पुढच्या तारखेला या. पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर. बैल गेला आणि झोपा केला, अशी तुमची म्हण आहे. इथे बैल खुंट्याला होता आणि लेकरू गेलं होतं.

तीन पावसाळे गेल्यावर जानकू सुटला. आईबरोबर अंगणात येऊन उभा राहिला. मिसरूड फुटलेलं, नजर खाली. ‘बस’ म्हटल्यावर बसला. भाकरी पुढे ठेवली, ती ‘खा’ म्हटल्यावर खाल्ली. सोपानरावांना रडू आवरेना. “बैल घिऊन जा लेका. समदा तुझाच हाय.”

मी मान पुढे केली. जानकूने हात उचलला, मग थांबला आणि आईला विचारलं, “सायबांना इचारलं का?”

अंगणात साहेब कोणीच नव्हता. बायडाबाईने मग माझं दावं धरलं आणि आम्ही डोंगराच्या वाटेला लागलो. जानकू मागून येत होता. आज इतक्या वर्षांनीही तो फारसा बोलत नाही.

मित्रांनो, कोणाचं लेकरू चुकलं तर त्याला कोंडण्याआधी त्याच्या दारात जा. आईला विचारा, पण एकदा विचारून लगेच उठू नका. घोटभर पाणी प्या, जरा बसा, पुन्हा विचारा. आणि त्या वेळी तुम्ही शेजारी उभे असाल, तर मान झुकवून सांगतो, गप्प राहू नका. मी हंबरलो तर मला पाणी पाजलं. तुम्ही माणसं आहात, तुमचं ऐकलं असतं.