फोटो दोन काढायचा राहिला

फोटो एक. बालाघाटच्या शस्त्रकोठारातली जुनी लष्करी रायफल. तिच्यावर कोणत्या देशाचं राजचिन्ह आहे हे फोटोत दिसलं तर ती संग्रहालयात जाणार, नाहीतर उद्या भट्टीत. फोटो काढायला आलेल्या श्रुतिकाला दिसला तो नुसता शेंदूर.

"काका, हे कोणं केलं?"

"दसऱ्याले शस्त्रपूजा राह्यते न, पोरी. वीस वर्षांपासून मीच लावून राह्यलो," कोठार सांभाळणारे मोतीलाल कौतुकानं म्हणाले.

फोटो दोन. हा काढायचा राहिला. तासभर तेलाचा बोळा फिरवल्यावर शेंदराखालून राजचिन्हाचा मुकुट वर आला. श्रुतिका लेन्स बदलायला वळली, तेवढ्यात मागे खरखर ऐकू आली. मोतीलालांच्या हातात रेगमाल कागद होता आणि मुकुटाच्या जागी कोरं, चकचकीत लोखंड.

"काहून घासलं, काका?"

"तूच त म्हणे, साफ दिसलं पायजे! आता पाह्य, तोंड दिसते त्याच्यात."

खरंच दिसत होतं. तिचंच, रडकुंडीला आलेलं.

फोटो तीन. अजून अकरा रायफली बाकी होत्या. श्रुतिकानं रेगमाल हिसकावून खिशात कोंबला आणि मोतीलालांच्या हातात फोटोसाठीचा मोठा दिवा दिला.

"दोन्ही हातांनी धरा. हलू नोका."

"अन् नाक खाजवलं त?"

"मी खाजवून देईन!"