मास्तरांची जादा गोळी

माझे पप्पा गाडी चालवायला शिकवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शिकणाऱ्याच्या शेजारच्या त्यांच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, आणि त्या एका ब्रेकच्या जोरावर पप्पा स्वतःला निम्मे देव समजतात. पूर्ण देव आईने कधी होऊ दिलं नाही.

या देवाला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी सांगितलेलं अगदी सोपं होतं: सकाळी एक गोळी, त्यावर नाश्ता, आणि दिवसभरात जेवण चुकवायचं नाही. पप्पांनी ते ऐकून घेतलं आणि त्यात सुधारणा केली.

"साखर म्हणजे वेग," ते मला म्हणाले, "आणि गोळी म्हणजे ब्रेक. वेग वाढला की ब्रेक दाबायचा. त्यात डॉक्टरला काय विचारायचं? माझ्याकडेच शिकला तो. रिव्हर्समध्ये तीनदा नापास!"

बाहेर मात्र कोणाला काही कळता कामा नये, असा घरात हुकूम होता. "मास्तरला आजार आहे म्हटल्यावर शेजारी बसेल कोण? सगळे पुलापलीकडच्या क्लासला पळतील." म्हणून गोळ्यांचं पाकीट गाडीच्या खणात, काच पुसायच्या फडक्याखाली. उन्हात गाडी तापली की गोळ्याही तापायच्या. मास्तरांची अब्रू तेवढी सावलीत.

आता आमच्या क्लासची एक रीत आहे. जो परीक्षा पास होतो तो केक आणतो, आणि पहिला तुकडा मास्तरांचा. त्या शनिवारी दोघं एकदम पास झाले. पप्पांनी दोन्ही केकचा मान राखला, क्रीमच्या फुलांसकट. मग खण उघडून गोळी तोंडात टाकली.

"पप्पा, सकाळी घेतली होती ना?"

"ही जादा. केकची."

आईने जेवायला हाक मारली तर म्हणाले, "नको, आज गोड झालंय. आता जेवलो तर सगळंच ओमफस होईल." आईला वाटलं, नवरा सुधारला. बिचारी!

दुपारी चुंबककाकांचा तास होता. काका बँकेत मॅनेजर आहेत आणि रस्त्यावरचा प्रत्येक खांब त्यांना स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून हे नाव. मी मागच्या सीटवर. पोहायच्या सरावाला फुकटात पोचायचं तर नाक मुठीत धरावं लागतं, कारण गाडीत फक्त मास्तरांनी बोलायचं आणि शिकणाऱ्याने फक्त त्यांचंच ऐकायचं, हा पप्पांचा कायदा.

वळणावर काकांनी चाक फुटपाथवर चढवलं. मी कान झाकले.

"छान," पप्पा म्हणाले.

पप्पांनी आजवर कोणालाही छान म्हटलेलं नाही. आईच्या स्वयंपाकाला 'चालेल'च्या वर गुण मिळालेले नाहीत. मी पुढे वाकून पाहिलं. एसी चालू असूनही मान घामाने निथळत होती, हात थरथरत होते. "डावीकडे घ्या," असं म्हणत ते उजवीकडे बोट दाखवत होते.

"काका, गाडी बाजूला घ्या!"

"मास्तर कुठे सांगतायत?"

"मास्तर आता काहीच सांगू शकत नाहीत!"

"पण नियम असा आहे की—"

"काका, पप्पांना मधुमेह आहे आणि त्यांची साखर उतरलीये! डावा इंडिकेटर. आरसा बघा. आता हळूहळू ब्रेक. ब्रेक म्हणतेय मी, हॉर्न नाही!"

"समोर खांब आहे गं!"

"त्याच्याकडे बघूच नका!"

गाडी थांबली. खांब वाचला. मी दप्तरातून संत्र्याच्या रसाची बाटली काढली. "पप्पा, नीट गिळता येतंय ना?"

"मला गोड चालत नाही," ते जड जिभेने म्हणाले. हे आत्ता आठवलं!

"आत्ता चालतं. प्या." ते प्यायले. काकांनी तोवर डॉक्टरांना फोन लावला. थोड्या वेळाने पप्पांनी चुंबककाकांना "गाढवा" म्हटलं, आणि मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. मग त्यांना बिस्किटं चारून, टॅक्सी करून दवाखान्यात नेलं.

"गोळ्या किती घेतल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक."

"दोन," मी म्हणाले. "आणि जेवलेही नाहीत."

पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच केक खाल्ले होते.

"मास्तर, केक खाल्ला म्हणून गोळी वाढवायची नसते," डॉक्टर म्हणाले. "वर जेवण चुकवलंत. गाडी कधीच थांबली होती, तरी तुम्ही ब्रेकवर नाचत होतात. या गोळीचा असर लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते. आज इथेच राहायचं. आणि मी सांगेपर्यंत त्या सीटवर बसायचं नाही."

"क्लास बंद पडेल हो!"

"पडू दे. रस्त्यावर माणसं पडण्यापेक्षा बरं."

सोमवारी सगळे शिकाऊ दारात जमले. पप्पांनी घसा साफ केला. "गाडीचं जरा काम निघालंय..."

पाठीमागे गाडी लखलखत होती. चुंबककाका जमिनीकडे बघत राहिले. ते कोणाला काही बोलले नव्हते, पण त्यांना खोटं ऐकवतही नव्हतं. पप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गाडी ठीक आहे," ते म्हणाले. "मला मधुमेह आहे. मनाने जादा गोळी घेतली आणि तुमच्यातल्या एकाला घेऊन मरायला निघालो होतो."

एक तरुण "येतो हं मास्तर" म्हणत सटकला, थेट पुलाच्या दिशेने. पप्पांचा चेहरा पडला. तेवढ्यात ब्लाउज शिवणाऱ्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, मलाही गोळी चालू आहे. ऑर्डरची घाई असली की मी जेवणच विसरते."

झालं! मास्तर ताठ झाले. "जेवण विसरायचं नाही! मनाने जादा गोळी नाही! दुसऱ्याची गोळी नाही! घाम, थरथर झाली की आधी साखर तोंडात, बाकी सगळं नंतर!" जणू हे शास्त्र त्यांनीच शोधून काढलं होतं.

"आणि मास्तर, सकाळची राहून गेली तर?"

"तर मग रात्री सरळ दोन—"

मी नुसती त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं, मग मिटलं.

"ते डॉक्टरांना विचारा," ते म्हणाले.

"बरं. आणि आपला क्लास पुन्हा कधी?"

पप्पांनी कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं.

"तेही डॉक्टरांनाच विचारा."