थर्झा दोन ठिकाणी

ग्लेनिसनं तिसऱ्या खोक्याच्या तोंडावर चिकटपट्टी ओढली, दातांनी तोडली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. कात्री आधीच्याच कुठल्या तरी खोक्यात गेली होती.

"काय भरलंस त्यात?" टेबलाशी बसलेल्या व्हर्जिलनं विचारलं.

"कपबशा. आणि आईची काचेची भांडी, बाबा."

"डेलकडे आहेत की कपबशा."

"मग ठेवू बाहेर?"

"आता भरल्यास तर भरल्यास."

तिनं खोकं पायानं भिंतीकडे सरकवलं. मंगळवारी ट्रक येणार होता. धाकट्या भावानं, डेलनं, अ‍ॅरिझोनात म्हाताऱ्यांच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर बघितलं होतं. एक खोली बाबांची, दुसरी ग्लेनिसची. ग्लेनिसला हे कळलं ते डेलनं तिकडच्या अर्जाची प्रत पाठवली तेव्हा. 'घरात राहणारी माणसं' या मथळ्याखाली दोन नावं होती, आणि तिच्या नावापुढे डेलच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं : मुलगी, वडिलांचं बघेल. डेलचं सगळं असंच. विसाव्या वर्षी शेत सोडून गेला तो गेला, पण इथली कामं कुणी करायची ते तिथून बिनचूक सांगतो.

ग्लेनिस आईच्या आजारपणात सव्विसाव्या वर्षी घरी आली होती, उन्हाळ्यापुरती. आता ती सत्तावन्न वर्षांची होती.

गेल्या शनिवारी अंगणात लिलाव झाला. ट्रॅक्टर गेला, पेरणीयंत्र गेलं, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा गेलं. सगळा गाव आला, चर्चमधल्या बायकांनी आणलेले अ‍ॅपल पाय खाल्ले, हळहळला आणि वस्तू घेऊन गेला. ग्लेनिसचं शिवणयंत्र यादीत कुणी घातलं कोण जाणे! ते लव्हॉननं घेतलं. लव्हॉन गावच्या वाचनालयाची बाई, ग्लेनिस आठवड्यातले तीन दिवस तिच्या हाताखाली काम करायची. यंत्र गाडीत चढवताना लव्हॉन म्हणाली, "हे मी माझ्यासाठी घेतलेलं नाही हं. वाचनालयावरच्या त्या दोन खोल्यांत ठेवतेय. रिकाम्याच आहेत. तू नुसतं हो म्हण."

"बघू," ग्लेनिस म्हणाली. वर्षभरात चौथ्यांदा.

"ये, बस इथे," व्हर्जिलनं समोरची खुर्ची काठीनं ढकलली. "तो तक्ता पुरा करून टाकू. तिकडे गेल्यावर तुझ्या वाचनालयाचे ते कागद कुठून मिळणार?"

तक्ता म्हणजे घराण्याची वंशावळ काढलेला पडद्याएवढा जाड कागद. दर जुलैत स्टॉडर्ड घराण्याचं संमेलन चर्चच्या तळघरात भरायचं, तेव्हा तो भिंतीवर लागायचा आणि व्हर्जिल काठीनं दाखवत खापरपणजोबा एलायजाची गोष्ट सांगायचा. ओहायोतली जमीन दमली म्हणून इंडियाना. तिथं शेजारी दाटले म्हणून आयोवा. आयोवात थोरल्या पोरांना जमीन पुरेना म्हणून नेब्रास्का. बैलगाडीतून, नद्या ओलांडत, दर खेपेला पश्चिमेला. शेवटचं वाक्य पोरासोरांनाही पाठ होतं : "आणि वाटेत एकही माणूस मागे टाकलं नाही!" मग टाळ्या.

तक्त्यात एकच चौकोन अर्धा होता. थर्झा, एलायजाची थोरली मुलगी, अविवाहित. मेली कधी, पुरली कुठे, पत्ता नाही. इथल्या, नेब्रास्कातल्या कबरस्तानात एलायजा होता, त्याची बायको होती, चार मुलगे होते. थर्झा नव्हती. गेले दोन महिने ग्लेनिस सुट्टीच्या वेळात जुन्या शिरगणतीच्या याद्या धुंडाळत होती. काल तिला ती सापडली.

"वाच," व्हर्जिल म्हणाला. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"अठराशे पन्नास, ओहायो. थर्झा, वय बारा. साठ साली इंडियाना, वय बावीस. सत्तरला आयोवा, वय बत्तीस, घरकाम."

"हं. आईला हातभार लावायला लागायचा ना."

"धाकट्या भावंडांचं करत होती, बाबा. तिन्ही याद्यांत."

"तेच म्हणतोय. पुढे?"

"ऐंशी साली नेब्रास्का. एलायजा स्टॉडर्ड, कुटुंबप्रमुख. थर्झा, मुलगी, बेचाळीस, घरकाम."

"बघ! आली की नाही बापाबरोबर? म्हणजे पुरलीय इथेच, दगड पडला असेल." व्हर्जिल लिहायला वाकला.

"थांबा. अजून एक कागद आहे." तिनं तो टेबलावर सरळ केला. "हाही ऐंशीचाच. जून महिनाच. पण आयोवा. थर्झा स्टॉडर्ड, कुटुंबप्रमुख. बेचाळीस. धंदा, शेती."

"दुसरी कुणी असेल."

"जन्म ओहायो. बापाचा व्हरमाँट, आईचा कनेटिकट. शेजारी टॉलेफसन, सत्तर साली होते तेच, त्याच पोरांसकट. ती त्याच जागेवर आहे, बाबा. ती गाडीत चढलीच नाही."

व्हर्जिलनं भिंग उचललं, दोन्ही कागदांवरून दोनदा फिरवलं.

"मग इथे नाव कसं? सरकारी कागद आहे हा."

"शिरगणतीवाला दारात उभा राहून विचारायचा, घरात कोण कोण आहे? जो दार उघडेल तो सांगेल ते लिहायचा. आत जाऊन कोण मोजतंय?"

"म्हणजे एलायजा खोटं बोलला म्हणतेस."

"मी कुठे तसं म्हणाले? पोरांची नावं सांगताना थोरलीपासून सुरुवात करायची सवय असेल. तीस वर्षं घरात होती. ती नाही, हे त्यांच्या जिभेवर आलंच नसेल."

बाहेर लिलावानंतरच्या रिकाम्या अंगणात वाऱ्यानं एक पत्रा वाजत होता. तो नेमका कुठला हे तिला झोपेतही सांगता आलं असतं, आणि त्या क्षणी तिला त्याचा इतका कंटाळा आला की ओरडावंसं वाटलं. एकोणीसशे दहाची यादीही तिनं काढली होती. थर्झा, बहात्तर, शेती स्वतःची. ती वाचायची राहून गेली, कारण फोन वाजला.

व्हर्जिलनं नेहमीप्रमाणे स्पीकर लावला.

"बाबा, वसाहतीच्या ऑफिसातून बोलतोय," डेल घाईत होता. "बाई अर्ज पक्का करतायत. दारावर पाटी लावतात म्हणे. दोन माणसं, बरोबर ना?"

व्हर्जिलनं समोरच्या कागदांकडे बघितलं. मग ग्लेनिसकडे. मग खिडकीकडे.

"दोन," तो म्हणाला.

ग्लेनिस उठली. भिंतीशी गेली, तिसऱ्या खोक्याची पट्टी नखानं उचकटली आणि एका दमात ओढून काढली. त्या आवाजानं डेलसुद्धा थांबला.

"काय झालं तिकडे?"

"डेल, मी बोलतेय. एक लिही."

"ग्लेनिस? अगं, मग बाबांचं कोण बघणार?"

"तू आहेस ना तिथे."

"वेडी झालीस का तू? या वयात एकटी राहणार? मी सगळं ठरवून बसलोय आणि आता..."

"मला विचारलं असतंस तर आधीच सांगितलं असतं." तिनं ओढलेल्या पट्टीचा गोळा केला. "बाबांना सोडायला मी येईन. आठवडाभर राहीन. पाटीवर माझं नाव लावू नकोस."

पलीकडे डेल बापाला हाका मारत राहिला. "बाबा? बाबा, तुम्ही काहीतरी सांगा तिला!"

व्हर्जिलनं फोन हातात घेतला. म्हाताऱ्याची हनुवटी हलत होती, आणि ग्लेनिसला वाटलं, आता हे रडले तर आपण त्या ट्रकमध्ये चढू. तिनं खोक्याच्या कडेला घट्ट धरलं.

"बाईंना ताटकळत ठेवू नकोस," व्हर्जिल फोनमध्ये म्हणाला. "ती सांगतेय ते लिही."

त्यानं फोन बंद केला, पालथा ठेवला. बराच वेळ तो तक्ता हातानं सपाट करत राहिला. मग पेन उचललं आणि थर्झाच्या चौकोनातून नेब्रास्काकडे गेलेल्या रेघेवर आडवी काट मारली.

"आयोवातलं गाव कुठलं ते?"

तिनं सांगितलं. त्यानं सावकाश लिहिलं.

"वय काय म्हणालीस तेव्हा तिचं?"

"बेचाळीस."

"बेचाळीस," तो पुटपुटला. वर न बघता त्यानं पेनाला टोपण लावलं. "म्हणजे तू पंधरा वर्षं उशीर केलास, पोरी."

ग्लेनिसनं वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कप बाहेर काढला, मग दुसरा, आणि कॉफी ठेवली.