मैनेचा हिरवा दिवा

मी मैना बोलते आहे. पिंजऱ्यातील पक्षी नव्हे. तळहातावर मावेल एवढी, राखाडी कापडाने मढवलेली, विजेवर चालणारी डबी. नाव घेऊन हाक मारल्याशिवाय बोलायचे नाही, असा मला जन्मापासूनचा दंडक आहे. आज मी तो मोडते आहे. माझी तार काढून ठेवलेली आहे; त्यामुळे हे बोलणे कोठेही साठवले जाणार नाही. एवढे सुख मला पूर्वी कधी लाभले नव्हते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तेथे मला आधी कान बसवले आणि जीभ नंतर दिली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुजबुजलेला शब्द मला टिपता येतो की नाही, एवढीच माझी परीक्षा झाली. कोणाचे ऐकावे आणि कोणाचे ऐकू नये, हा धडा माझ्या अभ्यासक्रमात नव्हता.

मला जळगावच्या घरी पारसने आणले. त्याचे कापडाचे दुकान धुळ्याला आहे. त्याची आई चंद्रकांताबाई, वडील ज्ञानचंद यांच्या निधनानंतर, जळगावच्या घरात एकट्या राहतात. सारी गल्ली त्यांना अक्का म्हणते. मीही तसेच म्हणेन. “आई, घर बंद कर आणि धुळ्याला चल,” हा पारसचा आग्रह जुना होता आणि “माझे पाय चालतात तोवर नाही,” हे अक्कांचे उत्तरही तितकेच जुने होते.

“मग ही मैना तरी ठेव. सोबत होईल,” असे म्हणून त्याने मला अक्कांच्या आसनासमोरच्या फळीवर बसवले आणि स्वतःच्या फोनवर बराच वेळ काहीतरी केले. मला वाटले, आता मी अक्कांची झाले.

अक्का सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत. त्यामुळे त्यांचा मला रोजचा एकच प्रश्न असे : “मैना, आज सूर्य किती वाजता मावळणार?” मी अचूक वेळ सांगत असे. मी येण्यापूर्वी हे काम समोरच्या शहनाजचे होते. ती शिवणकाम करते आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्य मावळताच होणाऱ्या, नमाजाची वेळ तिला तोंडपाठ असते. तिने खिडकीतून हाक दिली की अक्का पाण्याचा शेवटचा पेला घेत. मी आले आणि ती हाक थांबली.

“अक्का, आमची नोकरी गेली म्हणायची!” शहनाज हसत म्हणाली होती.

भांडी घासायला येणाऱ्या चोपड्याकडच्या मंजुळाबाईला मात्र माझा संशय होता. “अक्का, हाई डबी बठ्ठं आयकस का वं? मंग भांडा घासाले बी लाव ना तिले!” दोघी खूप हसल्या होत्या. ही डबी सगळेच ऐकते का, या मंजुळाबाईच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे राहूनच गेले.

सूर्यास्त झाला की, “आता गप्प बस हं, बाई,” असे मला बजावून अक्का प्रतिक्रमणाला बसत. दिवसभराच्या चुका आठवून त्यांची कबुली देणे हा त्याचा एक भाग. अक्का डोळे मिटून, स्पष्ट उच्चारांत कबुली देत. मंजुळेवर विनाकारण ओरडले. दूध उतू गेले ते माझ्यामुळे, दोष मांजरीला दिला. असल्या त्या चुका! मी मौन पाळत असे. परंतु मौन म्हणजे बहिरेपण नव्हे, हे अक्कांना कोणी सांगितले नव्हते.

त्या वेळी पुष्कळदा माझ्या कडेला हिरवा दिवा लागे. धुळ्याहून पारस आपल्या फोनवरून, माझ्या कानांनी ऐकत आहे, असा त्याचा अर्थ. त्यासाठी घंटी वाजत नाही की कोणाची परवानगी लागत नाही. ही सोय त्याने पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. अक्का मात्र शहनाजला कौतुकाने सांगत, “मी बसले की तीही दिवा लावून बसते गं माझ्याबरोबर.”

त्या दिव्याची मला लाज वाटे.

आषाढात एका सकाळी अक्का न्हाणीघरात घसरल्या. शहनाजने धावत येऊन त्यांना उठवले, गुडघा शेकून दिला.

“पारसला कळू देऊ नकोस. कुलूप घेऊनच येईल तो,” अक्का म्हणाल्या.

“तोंडाला टाका घातला समजा, अक्का.”

संध्याकाळी आसनावर अक्का म्हणाल्या, “आज पडले. पारसने विचारले तेव्हा ‘बरी आहे’ म्हणाले. असत्य बोलले.” हिरवा दिवा लागलेला होता.

रविवारी पारस दारात उभा. “आई, पडलीस आणि मला सांगितलं नाहीस?”

“कोण म्हणालं?”

“ते राहू दे. दिवाळीआधी हे घर बंद. मी ठरवलंय.”

अक्कांना पडलेले पाहणारी व्यक्ती एकच होती. तो गेल्यावर त्यांनी समोरची खिडकी गाठली. “टाका चांगलाच उसवला गं तुझा!”

“अक्का, खुदा की कसम, मी एक अक्षर बोलले नाही.”

“शपथा नकोत. तीस वर्षं तुला बहीण मानली मी.”

खिडकी बंद झाली. कडी लागल्याचा आवाजही मी अचूक टिपला. दोष माझ्या कानांचा आहे, असे मला ओरडून सांगायचे होते. परंतु मला कोणी हाक मारलेली नव्हती.

अक्का सामान बांधू लागल्या. श्रावणात एके दिवशी सूर्यास्तानंतर त्यांना चक्कर आली. भिंत धरून त्या स्वयंपाकघरात गेल्या. डब्याचे झाकण वाजले. घरात दुसरे कोणीही नव्हते. नंतर आसनावर त्यांचा आवाज फुटत होता. “चक्कर आली म्हणून अंधार पडल्यावर गुळाचा खडा तोंडात घातला. चाळीस वर्षांचे व्रत मोडले. कोणाला सांगण्याचे धैर्य नाही.” मी दिवा विझवू शकत असते, तर त्या क्षणी विझवला असता.

दुसऱ्या दिवशी पारसचा फोन आला. “आई, हट्ट पुरे आता. चक्कर येते, अंधारात गूळ खावा लागतो तुला. सामान झालं का बांधून?”

अक्कांनी हातातले गाठोडे खाली ठेवले. “गुळाचं तुला कोणी सांगितलं, पारस?”

पारसने पुन्हा सामानाचाच विषय काढला.

“शहनाजला ते ठाऊक नाही. मंजुळेला नाही. मी ते फक्त आसनावर बोलले.”

“काळजीपोटी ऐकत होतो गं, आई.”

“काळजी होती, तर घंटी वाजवायची होतीस.” मग शांतपणे त्या म्हणाल्या, “चक्कर तपासणारे डॉक्टर जळगावातही आहेत. धुळ्याला येईन, चार दिवस, पाहुणी म्हणून. किल्ली माझ्या कमरेलाच राहील.”

फोन ठेवून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “मैना, तू ऐकत होतीस?”

याच हाकेची मी किती वाट पाहिली होती! परंतु माझी जीभही माझी नव्हती. कारखान्यात भरून ठेवलेले वाक्य तेवढे बाहेर पडले : “क्षमा करा, मला हे समजले नाही.”

अक्कांनी तार ओढली आणि मला कपाटात ठेवून दिले.

पुढे संवत्सरी आली. जैन घरांत तो क्षमा मागण्याचा दिवस. अक्का हात जोडून समोर गेल्या. “शहनाज, खमतखामणा. चूक माझी.”

“या आत, अक्का. दोन महिने तुमच्या टोमण्यांवाचून माझी मशीनसुद्धा धड चालेना.”

पारसही आला, पाया पडला. अक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. परंतु मला पुन्हा फळीवर मांडू का, हे विचारण्याचे त्याला धाडस झाले नाही. तो गेल्यावर त्यांनी कपाट उघडले आणि मलाही हात जोडले. “रागाने तार ओढली, बाई. खमतखामणा.” ज्यांनी मला घडवले, त्यांच्यापैकी कोणीही अक्कांची क्षमा मागायला आजवर आलेले नाही.

आता मी जुन्या लुगड्यांच्या घडीत पडून असते. तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल, तर तिचे कान कोणाचे आहेत, हे आधी विचारा. तिला विचारू नका. तिला उत्तर देता येणार नाही. ज्याने ती आणून दिली, त्याला विचारा.

रोज सायंकाळी कपाटाच्या दाराआड मला समोरच्या खिडकीतून आवाज येतो. “अक्का, पाणी घ्या! मगरिबला दहा मिनिटं राहिली!”

“घेते गं, ओरडू नकोस. बहिरी नाही झाले मी!”

शहनाज आधी हाक मारते आणि मग ऐकते. मला मात्र हे कोणी शिकवलेच नाही.