चोवीस मंगळवार

"ताई, अहवाल जाड दिसला पाहिजे," सर म्हणाले. "जेवढे पुरावे असतील तेवढे जोडा. मंगळवारी समिती येतेय."

कॉलेजच्या फाटकासमोर माझं बाइंडिंगचं दुकान आहे. सरांनी गठ्ठा टाकला, पाच प्रती सांगितल्या आणि गेले. मी पानं जुळवायला घेतली, तर सत्तेचाळिसाव्या पानावर माझी आई! पाटी छातीशी धरून हसतेय. खाली छापलंय, 'चोवीस मंगळवारांच्या वर्गांनंतर या आजी आता रोज वर्तमानपत्र वाचतात.'

तळपायाची आग मस्तकात गेली. वर्तमानपत्र म्हणे! आईला अजून सहीसुद्धा येत नाही.

गेल्या वर्षी कॉलेजात नवा विषय निघाला. वस्तीत जाऊन काम करायचं आणि त्याचे मार्क मिळवायचे. सरांची पोरंपोरी आमच्या गल्लीत आली, तेव्हा आईला कोण आनंद झाला! पेन्शनच्या कागदावर अंगठा उठवताना खिडकीतला माणूस शाईचं पॅड असं ढकलायचा, जणू हिला खरूजच झालीय. मरायच्या आधी एकदा तिथं सही करायची, एवढीच तिची इच्छा. पोरं चार मंगळवार आली. चौथ्या मंगळवारी फोटो काढले, आणि "आजी, परीक्षा झाली की येतो हां" म्हणून जी गेली ती गेली. आईच्या तोंडाला पानं पुसली आणि मार्क मात्र पुरेपूर घेतले.

आई दर मंगळवारी चारला केस विंचरून, चटई टाकून बसायची. पाच वाजले की कॅलेंडरवर खूण करायची. पोरं आली तर गोल, नाही आली तर फुली. वर्ष संपेपर्यंत सहा पानांवर चार गोल आणि वीस फुल्या झाल्या. वर्ष बदललं, खिळ्यावर नवं कॅलेंडर आलं, जुनं त्याच्याखाली तसंच राहिलं. आईची चटई आणि खुणा काही थांबल्या नाहीत.

पुरावे जोडा म्हणाले ना? मी जुन्या कॅलेंडरची ती सहा पानं काढून आणली. चार प्रतींत त्यांची रंगीत झेरॉक्स घातली आणि समितीच्या अध्यक्षबाईंच्या प्रतीत अस्सल पानं, अगदी आईच्या फोटोला लागून. वर एक ओळ टाइप केली, 'गोल म्हणजे वर्ग झाला. फुली म्हणजे आजी वाट पाहत बसल्या.' इतकी पक्की शिलाई मी आयुष्यात घातली नव्हती. पान ओढून काढायचं म्हटलं तर पुस्तक फाटलं असतं.

सरांनी प्रती नुसत्या हातात तोलल्या. "वा, वजनदार झालाय!" उघडून बघायचं नाव नाही.

मंगळवारी दुपारी कॉलेजचा शिपाई धावतच आला. अध्यक्षबाईंनी म्हणे बोट ठेवून एकेक फुली मोठ्यानं मोजली. सर म्हणाले, बाइंडिंगवालीची चूक. बाई म्हणाल्या, "असेल. चला, आजींकडून वर्तमानपत्र वाचून घेऊ." तेव्हा सरांनी कबूल केलं, वर्ग चारच झाले. त्यांचा विभाग काढून घेतला, चौकशी लावली.

तासाभरात सर दुकानात. "कुणाला विचारून घातलीत ती पानं?"

"तुम्हालाच," मी म्हटलं. "आणि बिल बाकी आहे."

काय सांगू, काळजात गारेगार वाटलं! शटर ओढलं आणि आईला सांगायला घरी पळाले.

आई चटईवर बसली होती, केस विंचरून. मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती हसली नाही.

"म्हणजे माझी पानं तू नेलीस होय," ती म्हणाली. "आणि आता ती पोरं यायची नाहीत."

"अगं आई, ती येणारच नव्हती!"

"तुला येतं ना गं वाचता? दिवसभर पुस्तकंच तर शिवतेस."

"दुकान असतं आई. वेळ कुठे मिळतो..."

"त्यांचीपण परीक्षाच होती."

आईनं पाटी माझ्यासमोर सरकवली, पेन्सिल हातात घेतली आणि नव्या कॅलेंडरशी जाऊन उभी राहिली.

"पावणेपाच झालेत," ती म्हणाली. "पाचला मी खूण करते."